भांडखोर आवाजाचा रेडिओ

त्या दिवशी रेडिओच्या दुकानात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझा मुलगा सेतू होता. त्याची बायको मालती होती, तोंड फुगवून. दुकानाचे मालक भाई काउंटरमागे होते. आणि ते होते, समोरच्या घरातले मामा. भाईंनी तीन रेडिओ काढून काचेवर मांडले, तसे मामा म्हणाले, "आता सगळ्यांनी पाठ फिरवा."

आम्ही फिरवली. भाई तेवढे रेडिओ चालू-बंद करायला उरले. आम्ही चौघं दुकानाच्या दारात ओळीनं उभी, रस्त्याकडे तोंड करून, बस यायची असल्यासारखी. एक ऑटोवाला थांबला, म्हणाला, कुठं जायचं? ते म्हणाले, "कुठं नाही. ऐकतोय." तो डोक्याला बोट लावून निघून गेला.

त्यांचं नाव मी घेत नाही. गल्लीत कुणीच घेत नसे. राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत त्यांना लहानमोठे सगळे मामा म्हणायचे. त्यांचा धंदा माईकसेटचा. आमच्या तंजावुरात लग्न असो, देवळाचा उत्सव असो, पोराचे कान टोचायचे असोत, माईकसेट लागतोच. भोंगे, तारा, पेट्या, सगळं त्यांच्या घरात. बसायला जागा नाही. त्यांची बायको म्हणायची, "मला सवती किती ते मोजू नका. सगळ्यांची तोंडं एवढी मोठी आहेत."

माणूस बुटका, काटकुळा. नेसायला पांढरी वेष्टी, म्हणजे आमचं धोतर, खांद्यावर तुंडू, म्हणजे पंचा. कान मात्र मोठे, आणि कानात केस. कुठं भोंगा बांधला की ते गल्लीच्या टोकाला जायचे आणि भोंग्याकडे पाठ करून उभे राहायचे. मग परत यायचे, भोंगा वीतभर वळवायचे, पुन्हा टोकाला. लग्नाची पोरं ओरडायची, मामा, वाढवा आवाज. ते खांद्यावरचा पंचा काढायचे आणि भोंग्याच्या तोंडात कोंबायचे.

"आवाज चावला नाही पाहिजे," म्हणायचे.

दोनच वाक्यं त्यांची. डोळ्याला आवाज कळत नाही, आणि आवाज चावला नाही पाहिजे. एवढ्यावर त्यांनी जन्म काढला.

एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलगी कॉफी घेऊन आली, बोलायला लागली, तसे हे खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. मुलीच्या बापाला वाटलं मुलगी पसंत नाही. तो तांबडा झाला. मुलीला मात्र हसू आलं, आवरेना. मामा भिंतीकडूनच म्हणाले, "हे हसणं चावत नाही. उरकून टाका." लग्न झालं. ती मुलगी अजून मजेत आहे.

माझं काय, मी त्यांच्या समोरच्या घरात. नवरा गेला तेव्हा सेतू शाळेत होता. मला शाळा तिसरीपर्यंत, तीही तमिळ. मी पोडी, म्हणजे कोरडी चटणी, कुटायला लागले. मिरचीची, कढीपत्त्याची, इडलीबरोबर खातात ती. उखळ दारात. सकाळी सुरू केलं की उन्हं डोक्यावर येईपर्यंत. हात फुटले, मग हात टणक झाले. रडायला वेळ लागतो, तो नव्हता. एवढंच सांगते, त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

एक दिवस मामा रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "कावेरीबाई, उखळ आज एका हाताने चाललंय."

मी म्हटलं, "दोन्ही हात आहेत की."

"आहेत. डावा खोटा पडतोय. घरात बसून ऐकतोय मी."

मनगट सुजलं होतं, मी पदराखाली झाकलं होतं. कुणाला दिसलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं तेल गरम करून आणलं, आणि हाताला पट्टी बांधून, उरलेल्या मिरच्या तिनंच कुटल्या. मामा आपले घरात बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्या हिचं कुटणं ऐकलं का? मसाला नाही, कुणाचं तरी डोकं कुटतेय असं वाटलं. माझंच असणार."

सेतू इंजिनाचं काम शिकला. तंजावुरात काम मिळेना. कुणाच्या ओळखीनं मल्लिपट्टिणमला गेला. ते आमच्याच जिल्ह्यातलं, समुद्रावरचं गाव. आधी किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मग मुनियांडी नावाच्या माणसानं त्याला आपल्या फायबरच्या बोटीवरच घेतलं. इंजिन सेतूचं, जाळं मुनियांडीचं आणि त्याच्या भावाचं. आठवडाभर तिकडे राहायचा, मग एक-दोन दिवस घरी.

गल्लीत बोलणी झाली. आमची माणसं एके काळी राजाच्या पदरी होती म्हणतात. कोण कशाला होती ते कुणी सांगत नाही, पण पदरी होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "मराठ्याचं पोर मासळीच्या वासात." मी म्हटलं, "वास धुतला की जातो. भूक धुवून जात नाही." त्यानंतर ती माझ्याकडूनच पोडी घ्यायची, आणि सेतूनं आणलेली कोळंबी पण.

मग एका वर्षी वारं आलं, वादळाचं. सेतू समुद्रात होता. फोन थोडं आत गेलं की लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. किनाऱ्यावर सगळ्यांना कळलं होतं, वारं येतंय. जे आत होते त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांची बोट कुठल्या कुठं वाहत गेली आणि भलत्याच गावच्या वाळूला लागली. तोवर आम्हाला काही पत्ता नाही. मी मिरच्या कुटत राहिले. घरात होत्या तेवढ्या संपल्या तेव्हा शेजारच्यांच्या आणून कुटल्या. मालतीला तेव्हा दिवस गेले होते. ती एका जागी बसून होती, भिंतीला टेकून.

तो परत आला. चेहऱ्याची साल निघालेली, पण आला. मालतीनं त्याला जेवायला वाढलं, पोट भरू दिलं, आणि मग म्हणाली, "हे काम सोडायचं. नाहीतर मी कुंभकोणला आईकडे जाते. हे पोर मला एकटीनं वाढवायचं असेल तर मी आधीपासूनच एकटी राहते. सवय होईल."

सेतू म्हणाला, "मला इंजिन येतं. दुसरं काही येत नाही."

दोघंही खरं बोलत होते. मी काय म्हणणार? मी एकटीनं वाढवलं होतं, त्यामुळे ती काय म्हणते ते मला कळत होतं. आणि तंजावुरात त्याला काम नव्हतं, तेही माहीत होतं.

तेव्हा तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, मामा बसले होते. त्यांना आत बोलवावं लागत नसे, तिथूनच सगळं ऐकू यायचं. ते म्हणाले, "मालती, वारं येतंय हे याला वेळेवर कळलं असतं तर?"

"तर आला असता परत."

"मग रेडिओ घ्यायचा. रेडिओ समुद्रात पण बोलतो. याला चांगला रेडिओ मी निवडून देतो. तो चालला तर हा जाईल. नाही चालला तर तू म्हणतेस तसं."

मालती म्हणाली, "तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

असे आम्ही भाईंच्या दुकानात गेलो. म्हणजे तो रेडिओ चांगला निघणं न निघणं ही साधी गोष्ट नव्हती. सेतूचं काम त्यावर, त्यांचा संसार त्यावर, आणि पुन्हा वारं आलं तर त्याचा जीवच त्यावर.

आता तुम्ही आमच्या गावचे नसाल तर तुम्हाला एक सांगायला हवं. तंजावूरची माणसं कुठलीही वाजणारी वस्तू गाण्यावरून पारखतात. जवळच तिरुवैयारु, तिथं घराघरात गाणं शिकवतात. आमच्याकडे रिक्षावाला पण सूर चुकला की तोंड वाकडं करतो. भाईंनी पहिला रेडिओ लावला, त्यावर व्हायोलिन चाललं होतं. आम्ही पाठ करून उभे. आवाज असा आला, जसा थंडीत गरम दुधाचा घोट. मामांनी डोळे मिटले. दुसऱ्या रेडिओला दिवे होते, टॉर्च होता, त्याचा आवाज बरा होता. तिसरा लावला आणि मामा दचकले. तेच व्हायोलिन, पण नळावर दोन बायका भांडतात तसं.

"बंद करा, बंद करा," मामा म्हणाले. "हा चावतो."

भाई हळूच म्हणाले, "बोटवाले हाच नेतात, मामा."

"त्यांना कान नसतील."

भाईंनी तिसरा रेडिओ बाजूला ठेवला. गिऱ्हाइकाशी भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि मामांशी तर कुणीच भांडत नसे. गोड आवाजाचा घेतला. मालतीनं तो मांडीवर घेतला, घरी येईपर्यंत सोडला नाही. मी त्याला हळदकुंकू लावलं.

सेतू घेऊन गेला. परत आला की मामा ओट्यावर हजर. "काय, रेडिओ कसा बोलतो?"

"छान बोलतो, मामा."

पुढच्या खेपेला पुन्हा, "ऐकू येतंय ना?"

"येतंय की."

सेतू लहानपणापासून त्यांच्या घरात वाढलेला. मोठ्या माणसाचं तोंड पाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीनं किती नुकसान झालं असेल कोण जाणे. मामांनी मान हलवली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "परवा संध्याकाळच्या बातम्या संपल्यावर काय लागलं होतं?"

सेतू म्हणाला, "गाणं लागलं होतं."

मामा म्हणाले, "बरं."

उठले आणि घरी गेले. मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर बघते तर ते दारात, धुतलेली वेष्टी, हातात पिशवी. म्हणाले, "कावेरीबाई, परवा बातम्यांनंतर केळीच्या रोगावर एक माणूस बोलत होता. गाणं नव्हतं. मल्लिपट्टिणमची बस कुठून मिळते?"

पिशवीत भाईंच्या दुकानातले उरलेले दोन रेडिओ होते. विकत नाही, बघायला म्हणून आणलेले. सेतूचं तोंड उतरलं. म्हणाला, "मामा, मी मुद्दाम..."

"तू गप्प बस. तू खोटं चांगलं बोलत नाहीस. चल."

मी पण निघाले. मालतीला म्हटलं, तू नको, पोटात पोर आहे, बस उडते. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही ऐका आणि मला खरं सांगा. त्या दोघांवर माझा भरवसा नाही." आमच्यात सासूला आत्या म्हणतात, बरेचदा असतेही. मी तिची नव्हते, पण म्हणायची.

पट्टुक्कोट्टैला बस बदलली. मामा आयुष्यात एकदाच समुद्राला गेले होते, रामेश्वरला, बापाचे विधी करायला. तेव्हा गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले होते, तेवढीच ओळख. किनाऱ्यावर मुनियांडी उभा होता. काळा, रुंद, तोंडात सुपारी. त्यानं मामांना वरून खाली बघितलं, मग मला.

तो तमिळमध्ये म्हणाला, "बायका बोटीत चढत नाहीत, अम्मा. रीत नाही."

मी म्हटलं, "मी मासे धरायला आले नाही. ऐकायला आले. मासे माझ्याकडे बघून पळाले तर मी पोडी देऊन भरपाई करीन."

त्याचा भाऊ हसला, मग तो पण हसला. माझ्या पोडीचा डबा सेतूबरोबर बोटीवर जायचाच. त्यांनी मला हात धरून घेतलं.

इंजिन सुरू झालं. तुम्ही ते इंजिन ऐकलं नसेल. ते कानात येत नाही, दातात येतं. सेतूनं गोड आवाजाचा रेडिओ लावला. किनारा जवळ होता तोवर काहीतरी गुणगुण येत होती. मामा म्हणाले, "पाठ फिरवा," आणि आम्ही सगळ्यांनी समुद्राकडे तोंड केलं, मुनियांडीनं सुद्धा, का ते न कळताच. एक बाई बोलत होती. तोंडात लाडू धरून बोलावं तसं. बाई आहे एवढं कळत होतं, शब्द एक नाही. थोडं अजून आत गेलो तर ते स्टेशनच तुटलं.

मामांनी तो बंद केला. दिव्यांचा रेडिओ लावला. त्यात इंजिनाचीच खरखर यायला लागली, जणू इंजिनच आत बसून बोलतंय.

मग तिसरा. सेतूनं त्यावर दुसरं, जुनं स्टेशन लावलं, लांबून येणारं, पहिल्या दोघांवर ते इथं लागतच नव्हतं. खरखर होतीच. पण त्या खरखरीतून, इंजिनातून, वाऱ्यातून, एका माणसाचा आवाज सुईसारखा आला. तो भातावरच्या किडीबद्दल सांगत होता. कुठलं औषध, किती पाण्यात, सकाळी फवारायचं की संध्याकाळी, एक-एक शब्द. मला शेत नाही, पण अजून पाठ आहे.

मामांना तोवर बोट लागली होती. ते बोटीच्या कडेला ओणवे होऊन ओकत होते. एका हाताने पंचा तोंडाला लावलेला, दुसरा हात वर करून, थांबा, बोलू नका, असं दाखवत होते. ऐकत होते. पोटातलं सगळं समुद्राला देऊन झाल्यावर तोंड पुसलं आणि म्हणाले, "चावतो."

सेतू तो बंद करायला वाकला.

"हाच घ्यायचा," म्हणाले. "मी मूर्ख माणूस. गाण्यासाठी निवडला. इथं गाणं कोण ऐकतंय? इथं चावल्याशिवाय ऐकूच येत नाही."

मुनियांडी म्हणाला, "ऐकू येईल. पण खारं पाणी उडतं. महिनाभरात मरेल हा."

मामांनी बोटीत नजर फिरवली. प्यायच्या पाण्याचे प्लास्टिकचे घडे होते, आमच्याकडे कुडम म्हणतात, हिरवे, निळे. त्यातला एक तडकलेला होता. मामांनी सेतूकडून कोयता घेतला, घड्याचा गळा कापून तोंड रुंद केलं आणि रेडिओ आत आडवा बसवला. घड्याचं तोंड मुनियांडीच्या बसायच्या जागेकडे केलं. आवाज दुप्पट झाला. भोंगाच झाला तो. मामा ओकून पांढरे पडले होते, पण तेवढ्यात त्यांचा चेहरा असा झाला, जसा लग्नात पहिला सूर लागला की व्हायचा. मग घडा वीतभर डावीकडे वळवला. मग थोडा उजवीकडे.

मुनियांडी सेतूला म्हणाला, "हा म्हातारा रोज आणत जा."

"आणा की," मामा म्हणाले, "पण आधी मला जमिनीवर सोडा."

घरी येऊन मी मालतीला खरं सांगितलं. म्हटलं, "पहिला रेडिओ वाया गेला. हा वाईट बोलतो, पण ऐकू येतो." तिनं मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "माझा शब्द पहिल्या रेडिओला होता, तो मी हरलो. आता तुझं तू ठरव." आमच्या गल्लीत मोठा पुरुष सुनेसमोर असं बोललेला मी दुसरा बघितला नाही. तिनं आधी आम्हाला जेवायला वाढलं. मग म्हणाली, "एक पावसाळा बघते."

गोड आवाजाचा रेडिओ मग आमच्या ओट्यावर राहिला. संध्याकाळी हवामान सांगायची वेळ झाली की मामा यायचे. त्यांच्या घरात सगळ्या तऱ्हेची यंत्रं, पण यायचे आमच्याकडे. आम्ही तिघं बसायचो. मी, मालती, ते. रेडिओवरचा माणूस म्हणायचा, मच्छिमारांसाठी काही इशारा नाही. मामा म्हणायचे, "आता तिकडे पण हेच बोलला." एवढंच. मग उठून जायचे. पण मालतीला त्यानंतर जेवण जायचं. इकडे आम्ही ऐकतोय तेच शब्द तिकडे घड्यातून बाहेर पडतायत, हे मनात आलं की समुद्र तेवढा लांब वाटत नसे.

ऐप्पसी महिन्यात, म्हणजे तुमच्या दिवाळीच्या सुमारास, तो दिवस आला. तंजावुरात ऊन होतं. मी वाळवण घातलं होतं. दुपारचीच वेळ, मामा लगबगीनं आले, त्यांच्या हातात त्यांचा घरचा रेडिओ, तसाच चालू. म्हणाले, "मालती कुठंय?" ती बाहेर आली. रेडिओ सांगत होता, वारं होणार आहे, कुणी समुद्रात जाऊ नये, जे गेले आहेत त्यांनी लगेच किनाऱ्याला यावं. सेतू पहाटेच गेला होता.

मालतीनं फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क होत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. मी म्हटलं, ठेव तो. तिनं ठेवला नाही.

मी मामांना विचारलं, "ऐकलं असेल का त्यांनी?"

त्यांनी रेडिओ मांडीवर घेतला, आवाज वाढवला, पुन्हा कमी केला. मला तेव्हा कळलं, की हा माणूस पण घाबरलाय. निवडलेला त्यांनीच होता ना. मग म्हणाले, "कावेरीबाई, तो रेडिओ गप्प बसणारा नाही. गोड असता तर मला भीती होती."

वाळवण उचललं. मिरच्या घेतल्या. कुटायला लागले. मालती माझ्यासमोर बसली आणि मुसळाला दुसऱ्या बाजूनं हात लावला. आठवा महिना होता तिला. मी नको म्हटलं नाही. कधीकधी माणसाला कुटू द्यावं. ढग यायला लागले, उन्हाचा रंग बदलला. मामा ओट्यावरून हलले नाहीत. त्यांच्या बायकोनं कॉफी आणली, ती गार झाली.

फोन वाजला तेव्हा मालतीचे हात तिखटाचे होते. मीच उचलला. सेतू म्हणाला, "आई, लागलो किनाऱ्याला. बोट वर ओढतोय."

मी म्हटलं, "बरं." फोन मालतीच्या कानाला धरला.

नंतर त्यानं सांगितलं. जाळं टाकलेलं होतं, मुनियांडी चिडलेला, मासे नाहीत म्हणून. घड्यातून ओरडा सुरू झाला. मुनियांडी म्हणाला, कोण ही बाई भांडतेय, बंद कर. सेतूनं हात वर केला, मामांनी केला होता तसा. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अर्धंच कळलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सगळं कळलं. जाळं ओढून घेतलं आणि निघाले. वाटेत दोन बोटी दिसल्या, त्यांना काही माहीत नव्हतं. मुनियांडीनं अंगातला शर्ट काढून फिरवला, घडा उचलून त्यांच्याकडे तोंड करून धरला. त्या पण फिरल्या. संध्याकाळी वारं आलं ते मोठं आलं. किनाऱ्यावरची झाडं पडली. माणसं घरात होती.

सेतू घरी आला त्या दिवशी मामांनी त्याला काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "घड्याला मीठ चढलं असेल. धुवून ठेव." मालतीनं वाकून त्यांना नमस्कार केला, त्या पोटानं. ते दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "अगं, उठ. मला नाही, भाईंना कर. ते पहिल्या दिवशीच सांगत होते."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी भाईंच्या दुकानात गेले. मी बरोबर होते, पोडी द्यायला. मामा काउंटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, बोटवाल्यांना कान आहेत." भाई म्हणाले, "तुम्हाला पण आहेत, मामा. ओले व्हायला वेळ लागला." दोघांनी चहा घेतला.

मुलगी झाली. आता शाळेत जाते. मराठी कळते तिला, बोलते तमिळच. सेतू अजून समुद्रात जातो. मालती कुंभकोणला जाते, पण सणाला.

मामा दोन वर्षांमागे आडी महिन्यात, तुमच्या आषाढाच्या सुमारास, गेले. फार आजारी नव्हते. दुपारी पडले होते, उठले नाहीत. त्यांच्या मुलाचं घर चेन्नईला, तो आईला घेऊन गेला. समोरच्या घरात आता एक कॉलेजची बाई राहते. भली आहे. पण त्या बाजूला शांत असतं, आणि माझं उखळ कसं चाललंय ते आता कुणी सांगत नाही. मीही कुटणं कमी केलंय.

तो पहिला भांडखोर रेडिओ मिठानं गेलाच शेवटी. सेतू दुसरा आणायला निघाला, तसा मुनियांडी आपणहून तंजावूरला आला, बरोबर वाऱ्याच्या दिवशी फिरलेल्या त्या दोन बोटींवरची माणसं. भाईंच्या दुकानात एवढी माणसं मावेनात. भाईंनी सगळ्यात वाईट आवाजाचे चार रेडिओ काढून ठेवले होते. मी म्हटलं, दुकानात नको, बोटीवर न्या, इंजिन चालू करा, मग ठरवा. ते तसंच करतात आता तिकडे. नवीन रेडिओ आला की आधी त्याला समुद्रात फिरवून आणतात. त्याला तिकडे मामा-फेरी म्हणतात. मामा कोण ते निम्म्यांना माहीत नाही.

मला नागरी लिहिता येत नाही. माझी भाची सोलापुरात दिली आहे, ती सुट्टीत आलीय. मी बोलते, ती लिहिते. ती म्हणाली, हे तिकडची माणसं वाचतील, त्यांना शेवटी काही सांगायचं का?

एक सांगायचं आहे. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरचं कुणी, रेडिओवर बोलायला बसत असेल, तर त्यांना माझा निरोप द्या. समुद्राचं हवामान सांगताना घाई करू नका. एक-एक शब्द सुटा सांगा. आणि दोनदा सांगा. तिकडे इंजिन चालू असतं.